मार्करचा डाग: आधी भिंत ओळखा, मग बोळा हातात घ्या

रविवारी दुपारी जेवून सगळे आडवे झाले होते, तेवढ्यात माझ्या साडेतीन वर्षांच्या भाच्याने आमच्या मुलुंडच्या घरात पॅसेजच्या भिंतीवर लोकल काढली. डबे बारा नव्हते, मी मोजले, नऊच होते. पण खिडक्या होत्या, खिडक्यांना गज होते, आणि सगळं काम काळ्या परमनंट मार्करचं. जमिनीपासून अडीच फुटांवर, बेडरूमच्या दारापासून थेट बाथरूमपर्यंत. वहिनीने ओलं फडकं घेतलं, लोकल जागची हलली नाही. मग मी हुशारी केली आणि नेलपॉलिश रिमूव्हर आणला. तिसरा डबा तीन फटक्यांत गेला, पण त्याच्याबरोबर भिंतीचा रंगही गेला आणि आतली पांढरी लांबी (पुट्टी) दिसायला लागली. उरलेले आठ डबे नंतर नीट निघाले. आजही आमच्या पॅसेजमध्ये कोणी वाकून पाहिलं तर दिसतो तो माझा डाग, भाच्याचा नाही.

तेव्हापासून नातेवाइकांत कोणाकडेही भिंत रंगली की फोन मला येतो, आणि पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: "काय लावू?" माझा उलटा प्रश्न असतो: "भिंतीला रंग कुठला आहे?" याचं उत्तर दहातल्या आठ जणांना ठाऊक नसतं. डाग काढताना खरी गंमत इथेच आहे. शाई विरघळवणारं औषध घरात बहुतेक वेळा असतंच. ते औषध तुमच्या भिंतीला सोसतं का, हे आधी बघायचं.

भिंतीची परीक्षा

कपाटामागची किंवा दाराआडची, कोणाला दिसणार नाही अशी जागा निवडा. तिथे आधी कोरडा तळहात फिरवा. हाताला पिठासारखं पांढरं लागलं तर भिंत चुन्याची आहे, नाहीतर फार जुन्या, दम गेलेल्या डिस्टेंपरची. हात स्वच्छ राहिला तर पांढरं सुती फडकं ओलं करून बोटाला गुंडाळा आणि त्याच जागी आठ-दहा वेळा घासा. फडक्यावर भिंतीचा रंग आला तर डिस्टेंपर. फडकं स्वच्छच राहिलं तर कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट किंवा सॅनिटायझर घेऊन तेच करा. बोळ्याला रंग लागला आणि भिंत किंचित चिकट झाली तर प्लास्टिक इमल्शन. काहीच झालं नाही, भिंत ढिम्म, तर ऑइल पेंट.

ही परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. डिस्टेंपरमध्ये खडू भरपूर आणि त्याला धरून ठेवणारा डिंकासारखा भाग कमी, त्यामुळे शाई वर बसत नाही, आत शिरते. ऑइल पेंटला छिद्रंच जवळजवळ नसतात, शाई वरच वाळते. इमल्शन या दोघांच्या मधलं: महागातलं, किंचित चमक असलेलं असेल तर ऑइल पेंटच्या जवळ जातं, स्वस्तातलं मॅट असेल तर डिस्टेंपरच्या वळणावर.

जुन्या चाळीत वाढलेल्यांना आठवत असेल, खोलीला खाली चार फूट ऑइल पेंटचा पट्टा आणि वर चुना किंवा डिस्टेंपर. आमच्या लालबागच्या खोलीतही तसाच होता, फिकट हिरवा. तो पट्टा कोणाच्या सौंदर्यदृष्टीतून आलेला नव्हता, मुलांचे हात आणि पाठ टेकून बसणारी मोठी माणसं यांच्यासाठी होता. आता सगळीकडे वरपासून खालपर्यंत मॅट फिनिश लावतात, मग मार्करचे डाग काढत बसतात.

मार्कर कुठला होता?

मुलाला ओरडण्याआधी त्याच्या हातातला मार्कर घेऊन वाचा. शाळेचे स्केचपेन आणि हायलायटर बहुतेक पाण्याच्या शाईचे असतात, आणि अंगावर "वॉशेबल" लिहिलं असेल तर साबणपाण्यानेच काम होतं. मात्र लाल, जांभळा आणि गुलाबी स्केचपेन मॅट भिंतीवर फिकट सावली सोडून जातात, हे धरून चला.

परमनंट मार्करमध्ये तीन गोष्टी असतात: रंग, त्याला भिंतीला चिकटवणारी राळ, आणि दोघांना पातळ ठेवणारं अल्कोहोल किंवा तशाच जातीचं द्रावक. टोपण काढल्यावर जो उग्र वास येतो तो या द्रावकाचा. ते उडून गेलं की राळ रंगासकट घट्ट बसते आणि पाण्याला दाद देत नाही. पुन्हा अल्कोहोल दिलं की राळ मऊ पडते. आपण करायचं ते एवढंच, पण हळू हाताने.

व्हाइटबोर्ड मार्कर लोकांना फसवतो. फळ्यावरून तो हाताने पुसला जातो, म्हणून भिंतीवरूनही जाईल असं वाटतं. त्याच्या शाईत तेलकट पदार्थ घातलेला असतो, त्यामुळे गुळगुळीत फळ्याला ती चिकटत नाही, नुसती बसते. भिंत फळ्यासारखी गुळगुळीत नसते. कोरड्या फडक्याने पुसलंत तर काळी भुकटी मॅट रंगाच्या बारीक खड्ड्यांत जाऊन बसते. त्याला परमनंट मार्करसारखंच वागवा.

क्रेयॉन आणि ऑइल पेस्टल म्हणजे मेण आणि तेल, त्यांचं शास्त्र वेगळं. हेअर ड्रायरने गरम हवा सोडून मेण मऊ करायचं आणि साबणाच्या फडक्याने टिपायचं. खोबरेल तेलाने क्रेयॉन निघतो हे खरं आहे, पण डिस्टेंपरवर तेलाचा डाग पडला की तो मार्करपेक्षा हट्टी.

सामान

भांडी घासायचं लिक्विड, कोमट पाणी, कापूस, कानातले बड्स, आणि जुन्या बनियनचे किंवा सुती साडीचे पांढरे तुकडे. रंगीत फडकं नको, त्याचा रंग भिंतीला लागला की दोन डाग काढावे लागतात. स्पिरिट मेडिकलवाल्याकडे मिळतं. सत्तर टक्के अल्कोहोलचा सॅनिटायझर घरात उरलेला असेल तर तोही चालतो, आणि उभ्या भिंतीवर जेल पातळ सॅनिटायझरपेक्षा बरा पडतो, कारण ओघळत नाही. फक्त नंतर त्याचा चिकट थर साबणपाण्याने काढावा लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल हवं असेल तर लॅमिंग्टन रोडला मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे सहज मिळतं. सर्किट साफ करायला ते हेच वापरतात.

सुरू करण्याआधी गॅस आणि देवघर या दोन गोष्टी बघा. मुंबईच्या घरात भिंत, शेगडी आणि देव्हारा यांत कधीकधी चार पावलांचं अंतर असतं. स्पिरिटची वाफ पेट घेते. समई, निरांजन, उदबत्ती विझलेली हवी, गॅस बंद हवा, खिडकी उघडी हवी. डाग स्विचबोर्डाजवळ असेल तर मेन स्विच खाली करा आणि बाटलीने फवारा मारू नका, फक्त ओलसर बोळा.

इमल्शनच्या भिंतीवरून परमनंट मार्कर

बहुतेकांच्या घरी हीच जोडी असते, म्हणून इथे नीट थांबू.

आधी साबणपाणी. अर्धा लिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा लिक्विड, फडकं घट्ट पिळून डागाची जागा पुसायची. याने मार्कर जाणार नाही. हाताचा तेलकटपणा आणि धूळ जाते. नाहीतर पुढे स्पिरिटमध्ये तीच धूळ कालवून आपण करडा गोल तयार करतो. जागा पूर्ण वाळू द्या, पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं.

आता डागाच्या खाली भिंतीला टेकवून एक जाड फडकं धरा, ओघळ त्यात उतरेल. कानातल्या बड्सचं टोक स्पिरिटमध्ये बुडवा, बाटलीच्या तोंडावर निथळवा आणि रेषेवरच, रेषेच्या बाहेर न जाता, फिरवा. दहा सेकंद थांबा. घड्याळाकडे बघून दहा, अंदाजाने नव्हे. या दहा सेकंदांत राळ मऊ होते. मग कोरड्या कापसाने दाबून उचला. घासायचं नाही, दाबायचं आणि उचलायचं, दाढ दुखत असताना गालाला बर्फ लावतो तसं. कापसावर काळा ठसा उमटेल. तो भाग टाका, नवा घ्या. एकच बोळा फिरवत राहिलात तर उचललेली शाई तुम्हीच परत भिंतीला लावत असता. बहुतेकांची "निघतच नाही" ही तक्रार इथून येते.

रेष लांब असेल तर टोकाकडून आत या. चार-पाच इंचांचा तुकडा पूर्ण करा, मग पुढचा. आमच्या लोकलचा एक डबा साधारण दहा मिनिटं घ्यायचा.

कधी थांबायचं ते कापूस सांगतो. ठसा काळा येतोय तोवर चालू ठेवा. ठशात भिंतीचा रंग दिसायला लागला, आमच्याकडे फिका पिवळा, की त्या क्षणी हात मागे. परीक्षेत पाहिलंत ना, इमल्शनलाही अल्कोहोल मऊ करतं. शाई आणि भिंत दोघीही एकाच औषधाने सुटतात, शाई थोडी आधी सुटते एवढाच आपला फायदा. अर्धा तास भिंत वाळू द्या, ती पुन्हा घट्ट होते, मग दुसरी फेरी. तीन फेऱ्यांत जे गेलं ते गेलं.

शेवटी साबणपाण्याच्या पिळलेल्या फडक्याने, खालून वर, पुसून घ्या आणि साध्या पाण्याने पुन्हा एकदा. खालून वर अशासाठी की वरून आलेला ओघळ कोरड्या भिंतीवर उतरला तर त्याची रेघ राहते. आधीच ओल्या असलेल्या भागावर राहत नाही.

फिकट सावली उरली तर पांढरी टूथपेस्ट. जेलवाली नको. तिच्यातली बारीक पूड घासून काढायचं काम करते. मटाराएवढी बोटावर घेऊन हलकेच फिरवा. ऑनलाइन मिळणारा पांढरा मेलामाइन स्पंजही हेच करतो. दिसायला मऊ असला तरी तो म्हणजे फार बारीक पॉलिश पेपरच समजा. मॅट भिंतीवर जोर दिलात तर तेवढीच जागा चकाकते, चकचकीत भिंतीवर दिलात तर तेवढीच निस्तेज होते. दोन्ही गोष्टी संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की जास्त दिसतात.

इतर भिंती

ऑइल पेंटवर काम सोपं. स्पिरिटचा बोळा, दोन-तीन हात, साबणपाणी, झालं. टर्पेंटाइन मात्र बेताने, ते ऑइल पेंटचंच द्रावक आहे. लादी, किचनच्या टाइल्स, स्टीलचं फ्रिज, सनमायका यांवरही स्पिरिट चालतं. घरात तेही नसेल तर जुन्या रेषेवर व्हाइटबोर्ड मार्कर गिरवा आणि ओला असतानाच पुसा. त्यातलं अल्कोहोल खालची राळ सोडवतं. ही युक्ती फक्त अशा गुळगुळीत गोष्टींसाठी. भिंतीवर केलीत तर एकाचे दोन डाग होतील. ॲक्रिलिकच्या पारदर्शक वस्तूंना आणि टीव्हीच्या पडद्याला स्पिरिट लावू नका, बारीक तडे जातात किंवा वरचा थर उतरतो.

जुन्या सागवानी दाराला फ्रेंच पॉलिश असेल तर तिथेही स्पिरिट अजिबात नको. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला लाखेचा चपडाच. बोळा फिरवलात की पॉलिश सगळं हातात येईल. तिथे किंचित टूथपेस्ट, आणि नाही निघालं तर सुताराला बोलवा.

डिस्टेंपरवर पाण्याची शाई असेल तर जवळजवळ कोरडं फडकं दाबून जेवढं निघेल तेवढं काढा. परमनंट मार्कर असेल तर प्रयत्न सोडा. स्पिरिटने शाई पातळ होऊन खडूत आणखी खोल जाते आणि रेषेचं भिंगरीसारखं वर्तुळ होतं. चुन्याच्या भिंतीचंही तेच. या दोन्ही भिंतींवर डाग काढायचा नसतो, झाकायचा असतो. पावसाळ्यात तर यांना हातच लावू नका. जून ते सप्टेंबर इथल्या पश्चिमेकडच्या भिंती ओल धरतात, लोणा फुटतो, आणि अशा वेळी नुसतं फडकं फिरवलं तरी पोपडा सुटतो. दिवाळीच्या आधी ऊन पडेपर्यंत थांबा, तोवर कॅलेंडर लावा. नवीन रंग दिलेला असेल तर साधारण महिनाभर तो कुठल्याही भिंतीवर कच्चाच असतो, तेव्हाही घासणं टाळा.

हे मिसळू नका

नेलपॉलिश रिमूव्हरचं माझं सांगून झालं. त्यात बहुतेक वेळा ॲसिटोन असतं, ते शाई आणि रंग यांत फरकच करत नाही. ब्लीचने परमनंट मार्कर जात नाही. त्याहून वाईट म्हणजे ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा बाथरूमचं ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, अमोनियावाला काचेचा क्लीनर पडला तरी विषारी वाफ येते, आणि स्पिरिटबरोबरही त्याची घातक संयुगं होतात. बंद पॅसेजमध्ये हा प्रयोग कोणी करू नये. तारेची घासणी भिंतीसाठी नाहीच.

डाग उरलाच तर

वरून रंगाचा एक हात मारला की झालं, असं वाटतं. दुसऱ्या दिवशी रेष परत वर येते. तिसऱ्या हातानंतरही येते. नव्या घराचं काम चालू असताना सुतार आणि वायरमन भिंतीवर मार्करने मापं लिहून जातात, ती वर्षभराने हॉलमध्ये उगवलेली अनेकांनी पाहिली असतील. ओल्या रंगात शाई पुन्हा सुटते आणि वाळताना पृष्ठभागाकडे चढते. मध्ये अडवणारा थर लागतो.

तो थर म्हणजे मघाचा चपडाच. पन्नास ग्रॅम चपडा दोनशे मिली पॉलिशच्या स्पिरिटमध्ये काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा, मधून हलवा. हार्डवेअरवाल्याकडे दोन्ही मिळतं. नागदेवी स्ट्रीटला गेलात तर निवडायला जास्त. डागाची जागा दोनशेवीस नंबरच्या पेपरने हलकी घासा, धूळ पुसा आणि रेषेच्या बाहेर दोन इंचांपर्यंत चपड्याचा पातळ हात मारा. ब्रश एकदाच फिरवा. पुन्हापुन्हा फिरवलात तर यातलं स्पिरिटही शाई सोडवतं. तासाभराने दुसरा हात. भिंत नारिंगी दिसेल, घाबरू नका, रंगाखाली जाईल. दमट दिवशी चपडा वाळताना पांढरा पडतो, म्हणून हे काम कोरड्या हवेतलं. वाळल्यावर हलका पेपर, मग रंग.

एक इशारा जुन्या इमारतींसाठी. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे २०१६ चा, आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. असा पट्टा कोरडा घासू नका. वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओला घासा, मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि खाली पडलेला चिखल ओल्या फडक्याने उचला, झाडूने नको.

रंग देताना फक्त डागापुरता चौकोन रंगवलात तर तो चौकोनच दिसेल, शेड तीच असली तरी. उरलेली भिंत काही वर्षं ऊन आणि धूर खाऊन बदललेली असते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत घ्या. भाड्याच्या घरात राहत असाल तर हे जास्त महत्त्वाचं. अकरा महिन्यांचा करार संपताना घरमालक भिंतीसमोर उभा राहतो आणि ठिगळ दिसलं की डिपॉझिटमधून पूर्ण खोलीच्या रंगाचे पैसे सांगतो. डाग स्वतः काढायला जाण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा, आणि घरमालकाला रंगाची कंपनी आणि शेड विचारून घ्या.

रंगारी काम संपवून निघाला की डब्यात तळाला राहिलेला रंग त्याला नेऊ देऊ नका. लोणच्याच्या छोट्या, स्वच्छ बरणीत काठोकाठ ओता, आत हवा कमी राहिली की साय कमी धरते. झाकणावर खोलीचं नाव, शेडचा नंबर आणि तारीख लिहा, परमनंट मार्करनेच. मग बरणी आणि मार्कर दोन्ही माळ्यावर.